बाबांची स्मूदी कशात फिरवायची

फळं मिक्सरमध्ये टाकायला अक्कल लागत नाही. ती कशात फिरवायची, इथं माणूस मरतो. ही किरकोळ बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. त्यांच्या बापाला कोणी सौंसरच्या दवाखान्यात काट्यावर उभं करून मान हलवलेली नसणार.

माझ्या बापाला केलं. त्रेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. दिवाळीत एक्कावन्न होते. मधे झालं एवढंच की शेवटचे सात दात काढले, कवळी बसवली, आणि बाबांनी तिसऱ्याच दिवशी ती कवळी पेपरात गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवून दिली. दुसऱ्याचे दात आपण तोंडात घालत नाही म्हणाले. दुसऱ्याचे नाहीत बाबा, कारखान्यात बनवलेले आहेत, असं मी समजावलं. मग तं आणखीनच वाईट, म्हणाले.

डॉक्टर तरुण होता आणि हिंदीत बोलत होता. पंधरा दिवस देतो, वजन वाढलं पाहिजे, घटलं तर नागपूरला नेऊन नाकातून नळी घालावी लागेल, असं त्यानं बाबांच्या डोक्यावरून मला सांगितलं, जणू बाबा म्हणजे खुर्चीवर ठेवलेली पिशवी. आम्ही पांढुर्ण्याला, घरी परतलो. बाबा पायरीवर थांबले.

“वेसण बैलाले असते, प्रभाकर. माणसाले नाई.”

एवढंच. आणि जाऊन आपल्या बाजेवर पडले, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून.

आमची मुलगी वृषाली नागपूरला आहारशास्त्र शिकते. तिनं फोनवर अर्ध्या मिनिटात प्रश्न सोडवला. आबांना स्मूदी द्या म्हणाली. फळ, सुकामेवा, सगळं एका ग्लासात, चावायचं काम नाही. फक्त बेस तेवढा तुम्ही ठरवा. आणि एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बाई पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात अकरा प्रकारचे बेस सांगत होती आणि सारखी हसत होती. तिच्याकडे एकही कढई बुडाशी काळी नव्हती. अशा बाईवर विश्वास ठेवू नये हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मी गणिताचा मास्तर. अकरा पर्याय दिले की एक बरोबर असतोच, अशी माझी आयुष्यभराची समजूत.

फळाचा प्रश्न नव्हता. जाम नदीच्या पलीकडे, सावरगावच्या बाजूला आमची पाच एकर संत्र्याची बाग आहे. अर्ध्या बागेत मृग बहाराचा माल पिकून तोड सुरू झाली होती, अर्धी आंबिया बहारानं फुललेली. रोज सकाळी शाळेआधी मी स्कूटर घेऊन तिथं जायचो आणि भरलेल्या पेट्यांतून निवडून निवडून चार फळं आणायचो. घट्ट सालीची, चकाकती, एकेक अशी की हातात घेतलं तर खाली ठेवावंसं वाटू नये. बापासाठी करायचं तर हात आखडून कशाला करायचं?

इथं एक सांगून ठेवतो. फेब्रुवारीत आमच्या गावात कोणी पूर्ण जागं नसतं. संत्र्याचा फुलोरा आला की तो वास नदी ओलांडून येतो आणि गल्लीगल्लीत बसून राहतो. माणसं कामं करतात, पण तरंगत करतात. दुकानदार मीठ मागितलं तर साखर देतो आणि गिऱ्हाईक ती घेऊन जातं. मी स्वतः नववीच्या वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता एकदा पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. पोरंही काही बोलली नाहीत, तीही तिथं नव्हतीच. आता मी जे काही सांगणार आहे ते अशा हवेत घडलं हे ध्यानात ठेवावं. शुद्धीत माणूस एवढा गाढवपणा करत नाही.

पहिला बेस दूध. व्हिडिओतल्या बाईनं दुधाला पहिला नंबर दिला होता. मी संत्री सोलली, बिया काढल्या, दूध ओतलं, मिक्सर फिरवला. वर जे आलं ते भिंतीला लावायची पुट्टी असावी तसं होतं. संत्र्यानं दूध नासतं हे संत्र्याच्या गावातल्या पन्नास वर्षांच्या माणसाला माहीत नसावं का? होतं. पण बाई हसत होती ना.

बाजूच्या मालतीताई वाटी घेऊन साखर मागायला आल्या होत्या, त्या साखर विसरून तिथंच बसल्या. आंबट फळ आणि दूध म्हणजे विरुद्ध आहार, अंगावर कोड उठते, त्यांच्या मावससासऱ्यांच्या उठलं होतं. मी विचारलं, ते काय खात होते? त्या म्हणाल्या, ते तं मले माहीत नाई, पण उठलं होतं. मी केळाची करून पाहिली. बाबांनी ग्लासात डोकावून पाहिलं, शिकरण लेकरांले देतात म्हणाले आणि कूस बदलली. दोन्ही ग्लास मी प्यालो. टाकून देणं आमच्या घरात बसत नाही.

त्याच दिवशी मला उत्तमभाऊ भेटले. उत्तमभाऊ म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. गल्लीत कोणी आजारी पडलं की आधी त्यांचं ऐकायचं, मग डॉक्टरचं, असा रिवाज आहे. त्यांचं म्हणणं की नुसत्या फळानं वजन वाढत नसते, वासराचंही वाढत नाही. मध्य प्रदेश सरकारकडून म्हाताऱ्यांसाठी ताकदीची भुकटी फुकट मिळते, ती टाकायची. फारम भरा.

दफ्तराचं नाव घेत नाही. घेतलं तर तिथल्या लोकांना वाटेल आपण काही विशेष केलं. फारमावर ‘जिला छिंदवाडा’ छापलेलं होतं. ते खोडून पेनानं पांढुर्णा लिहायचं होतं, आणि जिथं जिथं खोडलं तिथं तिथं सही करायची होती. जिल्हा वेगळा होऊन एवढे दिवस झाले, पण जुने फारम संपल्याशिवाय नवे छापायचे नाहीत असा आदेश असावा. मी नऊ सह्या केल्या. चौदाव्या रकान्यात लिहिलं होतं, घोल का माध्यम. म्हणजे भुकटी कशात कालवणार. मी तो सोडून दिला.

“सर, माध्यम खाली नहीं छोड सकते,” बाबू म्हणाला.

मी म्हटलं, अहो तेच ठरत नाहीये. ठरलं की सांगतो. तो म्हणाला, मग ठरल्यावरच फारम द्या. मागे चौदा माणसं उभी होती आणि त्यातल्या सहांनी मला सल्ला दिला. एक म्हणे भाताची पेज. एक म्हणे कोमट पाणी आणि वरून दोन थेंब एरंडेल. आमच्या गावच्या गोटमारीच्या जत्रेत नदीच्या दोन्ही काठांवरून जेवढे गोटे येत नसतील तेवढे सल्ले मी त्या खिडकीपाशी खाल्ले. शेवटी चिडून ‘दूध’ लिहिलं आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी दूध आधीच बाद झालंय हे बाबूला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, आता माध्यम बदलायचं म्हणजे शपथपत्र लागेल. शंभराचा स्टँप, नोटरी, दोन साक्षीदार. माझा बाप दूध पीत नाही, हे मी शपथेवर लिहून द्यायचं. मी चढ्या आवाजात विचारलं की यात माझा फायदा काय, दूध खोटं सांगून मी कोणतं राज्य लुटणार आहे? तो शांतपणे म्हणाला, सर, सब यही बोलते हैं. त्याच्याही डोळ्यांत तो वास होता. खिडकीबाहेर कुठंतरी पाहत होता.

आता दिवस मोजायला लागलो. पंधरातले पाच गेले होते.

दही. उत्तमभाऊंची शिफारस. बाबांनी दोन घोट घेतले, रात्रभर खोकले, सकाळी दह्याकडे पाहणंही बंद केलं. तो ग्लास मी प्यालो.

नारळपाणी. शहाळं आमच्याकडे फक्त सरकारी दवाखान्याच्या कोपऱ्यावर मिळतं. मी मोठ्या आशेनं केलं, रंगही छान आला. बाबांनी विचारलं काय टाकलं. सांगितलं. ते म्हणाले, हे पाणी मरणाऱ्याच्या उशाशी असते, तुले काही सांगितलं का डॉक्टरनं? सुधा, माझी बायको, ओट्यापाशी उभी राहून सगळं पाहत होती. ती कधी मधे बोलत नाही. पण तिनं त्या दिवशी माझ्या सदऱ्याच्या पोटावरच्या बटणाकडे पाहिलं. ते लागत नव्हतं. घरात एक माणूस झिजत होता आणि एक फुगत होता, आणि दोघांच्यामध्ये मिक्सर होता.

मग शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी सोयाबीनकडे वळलो. व्हिडिओतली बाई सोया दुधाबद्दल बोलताना हसायची थांबली होती, म्हणजे विषय गंभीर होता. आणि सोयाबीन काय, घरचं. एक शेर भिजवलं, सालं काढली, वाटलं, गाळायला सुधाची धुतलेली चादर घेतली आणि उकळायला ठेवलं. आता दुधावर नजर ठेवायची असते तशी यावरही ठेवायची असते हे मला कोणी सांगितलं नाही. मी नजर ठेवलीही होती, पण नजर खिडकीबाहेर गेली. दुपारचं ऊन, तो वास, कुठंतरी कोकिळेसारखं काही ओरडत होतं, आणि मला उभ्या उभ्या दिसलं की मी जामच्या पात्रात घोट्यापर्यंत उभा आहे. पाणी वाहत नव्हतं. एका धारेनं दूध वाहत होतं, एकीनं ताक, एकीनं नारळाचं पाणी, एकीनं काहीतरी बदामी. माझ्या हातात मिक्सरचं भांडं होतं आणि कुठं बुडवावं हे कळत नव्हतं. पलीकडच्या काठावर बाबा बसले होते, पाठमोरे. मी हाका मारत होतो, बाबा, कशात? ते वळत नव्हते. मला वाईट वाटत नव्हतं हेच त्यातलं वाईट. सगळं इतकं मऊ होतं, की तिथंच उभं राहावं आणि दिवस संपून जावेत.

जाग आली तेव्हा सोयाबीन शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर आणि जमिनीवरून देवघराच्या दिशेनं निघालं होतं. जे उरलं ते गरमच मिक्सरमध्ये ओतलं, संत्र्याच्या फोडी टाकल्या, झाकण दाबलं, बटण फिरवलं. गरम पातळ पदार्थ बंद भांड्यात फिरवला तर वाफ झाकण उडवते. विज्ञानाच्या मास्तरांना हे माहीत असतं, गणिताच्या मास्तरांना अनुभवानं कळतं. झाकण छताला लागलं. स्मूदी छताला, भिंतीला, दिनदर्शिकेला आणि टेबलावर ठेवलेल्या नोटरी झालेल्या शपथपत्राला लागली. मिक्सरमधून निळसर धूर निघाला आणि तो बंद पडला तो पडलाच.

बाजेवरून बाबांचा आवाज आला, ढेप उकळून राहिला का रे? आम्ही हे बैलाले घालत होतो.

मी तिथंच खाली बसलो. डोक्यातून काहीतरी ओघळत होतं. बारावा दिवस होता, सोमवारी सौंसरला जायचं होतं, आणि मला पहिल्यांदा ती नळी खरी दिसली. बाबांच्या नाकाला चिकटवलेली पट्टी दिसली. सगळं हसण्यावारी नेणारा मी, मला हसू येईना.

सुधा फडकं घेऊन आली. पुसता पुसता म्हणाली, “चार दिवसांपासून ते दुपारी बागेत जाऊन राहिले. तुम्ही शाळेत गेले की ऑटो बोलावतात.”

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं.

“सांगू नको म्हणाले. आणि तुम्ही बेसमध्ये होते.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी सुट्टी टाकली आणि पूल ओलांडून बागेत गेलो. रागात गेलो. काय बोलायचं ते स्कूटरवर ठरवून ठेवलं होतं, चांगलं खरमरीत. पण बागेच्या तोंडाशी पोहोचलो आणि ते विरघळायला लागलं. डाव्या हाताला पांढरी फुलं, उजव्या हाताला केशरी ढीग, मधून वाट. मधमाश्यांचा एकच लांबलचक आवाज. तोडणाऱ्या बाया झाडांत अर्ध्या बुडालेल्या, त्यांचे हात तेवढे दिसत होते. आणि एका झाडाच्या बुडाशी गोणपाटावर माझा बाप बसलेला, मांडी घालून, बैठक मारून, जसा मी त्याला चाळीस वर्षांपूर्वी पाहायचो.

समोर केसरबाई. ही तोडीच्या बायांची मुकादम, बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तिच्या पुढ्यात झाडाखाली गळून पडलेल्या संत्र्यांचा, म्हणजे गळीचा, ढिगारा होता, एका बाजूनं मऊ झालेली, ठेचलेली, मुंग्यांनी चाखलेली. ती एकेक हातानंच पिळत होती, रस एका जर्मनच्या गंजात, ॲल्युमिनियमच्या छोट्या पातेल्यात. मग तिनं कमरेच्या पिशवीतून ज्वारीच्या लाह्यांचं पीठ काढून दोन मुठी त्यात टाकलं, चिमूटभर मीठ, आणि पाची बोटांनी कालवलं. बाबांनी गंज दोन्ही हातांनी उचलला आणि भुरका मारला. आवाज असा आला की दोन झाडांवरची पाखरं उडाली.

ना दूध, ना दही, ना नारळ. संत्र्याचं पाणी संत्र्यातच होतं, आणि मी ते सोडून जगभर हिंडून आलो होतो.

मी पुढे झालो. बाबांनी पाहिलं, पण गंज खाली ठेवला नाही. पिऊन संपवला, मिशा पुसल्या.

“बाबा, हेच तर मी घरी देत होतो. संत्रंच ना?”

“ते पेटीतलं फळ होतं.”

“मग? चांगलं निवडून आणत होतो.”

“तेच तं.” बाबा हातातल्या रिकाम्या गंजाकडे पाहत राहिले. “पेटीतलं फळ आपण खात नाई, प्रभाकर. मी कधी खाल्लं नाई. माह्या बापानं खाल्लं नाई. पेटी दुनियेसाठी असते, घराले गळ. तू रोज माह्या डोळ्यासमोर एक नंबरचं फळ कापे. माह्या घशाखाली उतरे नाई.”

“अहो मग सांगायचं नं एकदा.”

“तू रोज इचारे, दूध टाकू का ताक टाकू. फळाचं कोणी इचारलंच नाई.”

केसरबाईनं पदर तोंडाला लावला. हसत होती का काय, मी पाहिलं नाही. मला माझ्या लहानपणीचं आठवायला पाहिजे होतं. आमच्या घरी संत्रं म्हणजे नेहमी एका बाजूनं कापून टाकलेलं संत्रं. पूर्ण गोल फळ ताटात मी पहिल्यांदा पाहिलं ते नागपूरला, हॉस्टेलमध्ये, आणि तेव्हा मला वाटलं होतं की हे कोणीतरी विसरून गेलंय. पगार सुरू झाला, घर बांधलं, पेटीतून हवं ते उचलायला लागलो आणि आपण काय करतोय हे विसरूनही गेलो. मोठा प्रेमळ मुलगा. रोज सकाळी बापासमोर त्याचा नेम मोडत होतो आणि वर विचारत होतो, गोड आहे ना?

केसरबाईनं मलाही एक गंज दिला. प्यालो. चव सांगत नाही. सांगितली तर ती व्हिडिओवाली बाई उद्या बारावा बेस म्हणून दाखवेल.

तोडीचे शेवटचे दोनच दिवस उरले होते. रविवारी संध्याकाळी ट्रक भरून गेला, बायांनी झाडाखालचं सगळं झाडून काढलं, गळही संपली. सोमवारी आम्ही सौंसरला गेलो. बाबा काट्यावर चढले. मी श्वास धरला, जसा माझा श्वासही त्यांच्या वजनात धरला जाणार होता. त्रेचाळीस आठशे. डॉक्टरनं दोनदा पाहिलं. वाढलंय थोडं, म्हणाला, ठीक आहे, आणखी पंधरा दिवस असंच चालू ठेवा, मग नळीचं बोलायचं कारण नाही. काय देता? फळांचा रस, म्हणालो. चांगली, ताजी फळं द्या, तो म्हणाला.

बाहेर आलो. बाबा खुशीत होते, मी नव्हतो. असंच चालू ठेवायचं म्हणजे कसं? मृगाचा माल संपला. आंबियाची अजून फुलं होती, त्याची फळं यायला दिवाळी. बागेत आता पडायला काही नव्हतं. बस स्टँडवर हातगाडी होती, वर संत्र्यांचा मनोरा, पुसून चकाकवलेली, एक नंबरची. दोन किलो घेतली. बाबांनी पिशवीकडे पाहिलंच नाही.

बसमध्ये बसलो. अर्धी बस रिकामी. मी एक संत्रं काढून बाबांपुढे धरलं. त्यांनी मान फिरवून खिडकीकडे केली. काच जाम झालेली, बंद. मी ते फळ हातात धरून बसलो. पाच मिनिटं तरी बसलो असेन. बाहेरच्या उन्हात एक कुत्रं झोपलं होतं, त्याच्याकडे पाहत. मग माझ्या हातानं, मला न विचारता, ते सोडलं.

संत्रं बसच्या पत्र्यावर आपटलं, घरंगळत पुढच्या सीटखाली गेलं, धूळ घेऊन परत माझ्या चपलेपाशी आलं. कंडक्टर पाहत होता. मी वाकून उचललं. एका बाजूनं दबलं होतं.

“बाबा, गळलं.”

बाबांनी आधी फळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या बंद खिडकीकडे.

“कशानं गळलं?”

“हवेनं.”

त्यांनी संत्रं माझ्या हातातून घेतलं, धोतराला पुसलं, दबलेल्या बाजूवर अंगठा फिरवून पाहिला, आणि देठाशी नख रोवलं. सगळ्या बसमध्ये वास पसरला. एकेक फोड हिरड्यांनी दाबून, रस ओढून, चोथा बाजूला काढत त्यांनी गाडी निघायच्या आत पूर्ण फळ संपवलं. शेवटची फोड तेवढी माझ्या तळहातावर ठेवली.

“हे तू खा,” म्हणाले. “आन् आता दुसरं पाड.”